विश्वविजेतीने पुरुषांच्या संघात का खेळू नये?

महिला फुटबॉलचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला कुणीतरी दोन आकडे पुढे करतं: ५-२ आणि ७-०. पहिला आकडा एप्रिल २०१७ चा. तेव्हा विश्वविजेता असलेल्या अमेरिकेच्या महिला संघाला एफसी डॅलस क्लबच्या १५ वर्षांखालच्या मुलांनी सरावाच्या लढतीत ५-२ ने हरवलं. दुसरा त्याच्या आदल्या वर्षीचा. ऑस्ट्रेलियाच्या महिला संघावर न्यूकॅसल जेट्सच्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांनी सात गोल चढवले. हे आकडे टाकले की वाद मिटला, असं टाकणाऱ्याला वाटतं. समोरचे चिडून सांगतात की तो सराव होता, निकालाला काही अर्थ नव्हता. तासभर भांडण चालतं, आणि ज्या प्रश्नावरून ते सुरू झालं तो तसाच पडून राहतो. सप्टेंबर २०२० मध्ये जपानची फॉरवर्ड युकी नागासातो हिने हायाबुसा इलेव्हन या पुरुषांच्या क्लबात खेळायचं ठरवलं तेव्हा हेच झालं. आजही तिचं नाव निघालं की हेच होतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बायका पुरुषांइतक्या ताकदीच्या असतात का, हा प्रश्न नागासातोने विचारलाच नव्हता, त्यामुळे त्याचं उत्तर देण्याची जबाबदारीही तिची नव्हती. तिच्या निर्णयाने उभा राहिलेला प्रश्न साधा आहे. एका संघाला एक खेळाडू हवी आहे, त्या खेळाडूला तो संघ हवा आहे, दोघांनाही एकमेकांची कुवत ठाऊक आहे. मग 'ती बाई आहे' एवढ्याच कारणावरून तिसऱ्या कुणी 'नाही' म्हणावं का? म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे. महिलांचा गट वेगळा असावा आणि तो जपलाही जावा. मात्र आज ज्याला आपण पुरुषांचा गट म्हणतो तो खरा खुला गट असला पाहिजे. ज्याची ताकद आहे, जिची ताकद आहे, त्याने आणि तिने तिथे यावं.

ही खेळाडू कोण ते नीट पाहायला हवं, कारण या वादात सगळ्यात आधी हरवते ती तिची कारकीर्द. 'एक जपानी मुलगी पुरुषांत खेळायला गेली' एवढंच लोकांच्या लक्षात असतं. नागासातोचा जन्म १५ जुलै १९८७ चा, कानागावा प्रांतातल्या अत्सुगी शहरातला. थोरला भाऊ गेन्की आणि बहीण आसानो, दोघंही फुटबॉल खेळणारे. टोकियोच्या बेलेझा क्लबात ती घडली आणि २००४ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, जपानकडून खेळली. २०१० मध्ये जर्मनीत टर्बाइन पॉट्सडॅमला गेली आणि त्याच वर्षी मे महिन्यात गेटाफेला लियोंविरुद्ध पेनल्टींवर ७-६ अशी सुटलेली चॅम्पियन्स लीगची फायनल जिंकणाऱ्या संघात होती. त्यानंतर जर्मन लीगची विजेतेपदं आली, आणि २०१२-१३ च्या मोसमात १८ गोल करून ती त्या लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारी ठरली. परक्या देशात, परक्या भाषेत, उंचीने आणि वजनाने भारी बचावपटूंमध्ये खेळून. पुढे चेल्सी, वोल्फ्सबुर्ग, फ्रँकफुर्ट, शिकागो. जपानकडून १३२ सामने आणि ५८ गोल.

पण मला तिच्या कारकिर्दीतला सर्वांत बोलका क्षण वाटतो तो एक हुकलेला फटका. २०११ चा विश्वचषक, जर्मनी. पहिल्याच सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध सहाव्या मिनिटाला तिने गोल केला. पण सेमीफायनलला प्रशिक्षक नोरिओ सासाकी यांनी तिला बसवून तिच्या जागी नाहोमी कावासुमीला उतरवलं, आणि कावासुमीने स्वीडनवर दोन गोल मारले. यापेक्षा कठीण बाकडं फुटबॉलमध्ये नसेल. १७ जुलैला फ्रँकफुर्टच्या फायनलमध्ये ती बदली खेळाडू म्हणून आली. सामना २-२ वर अडला, पेनल्टी आल्या, जपानचा दुसरा फटका तिचा होता आणि अमेरिकेची गोलरक्षक होप सोलो हिने तो अडवला. सहकाऱ्यांनी बाजू सांभाळली, साकी कुमागाईने शेवटची पेनल्टी जाळ्यात मारली आणि भूकंप-त्सुनामीने चार महिन्यांपूर्वीच हादरलेला जपान जगज्जेता झाला. एक वर्षाने, ९ ऑगस्ट २०१२ ला, लंडन ऑलिम्पिकच्या फायनलला वेम्बलीवर ८० हजार माणसं होती. त्या फायनलमध्ये जपानचा एकमेव गोल तिचा. २०१५ च्या विश्वचषक फायनलमध्ये सोळा मिनिटांत अमेरिकेने चार गोल चढवले. कोणताही संघ तिथेच मोडून पडला असता, पण सत्ताविसाव्या मिनिटाला बचावपटूला पाठीवर घेऊन वळत तिने गोल केला. चार वर्षांत तीन फायनल, एक हुकलेली पेनल्टी आणि दोन गोल. अशा बाईला 'तुला झेपेल का?' असं विचारण्याचा अधिकार ज्यांना आहे, ते लोक जगात फार थोडे असतील.

आता विरोधी बाजूचं सर्वांत भक्कम म्हणणं. ते मला टाळायचं नाही, कारण ते खरं आहे. वयात आल्यानंतर पुरुष आणि स्त्री यांच्या शरीरात वेग, उडी आणि ताकद यांत मोठा फरक पडतो. शंभर मीटरचा पुरुषांचा विक्रम ९.५८ सेकंदांचा आहे, महिलांचा १०.४९ चा. ही तफावत कष्टाने किंवा जिद्दीने भरून निघणारी नाही. ५-२ आणि ७-० हे निकालही खोटे नाहीत, आणि 'तो सराव होता' म्हणून ते झटकणाऱ्यांची बाजू मला लंगडी वाटते. शिखरावरचे सर्वोत्तम पुरुष आणि सर्वोत्तम स्त्रिया एकाच मैदानात उतरवले तर काय होईल हे आपल्याला माहीत आहे. म्हणूनच वेगळा महिला गट हवा. तो नसता तर नागासातोला आपण कधी पाहिलंच नसतं. मुद्दा मान्य.

पण या मुद्द्यावरून निष्कर्ष कोणता काढता येतो? इथे लोक एक मोठी उडी मारतात. 'सरासरी पुरुष सरासरी स्त्रीपेक्षा वेगवान असतो' यावरून 'कुठल्याच स्त्रीने कुठल्याच पुरुषासोबत खेळू नये' हे निघत नाही. पुरुषांचं फुटबॉल ही काही एक वस्तू नाही. जपानमध्येच बघा. वर जे-१, जे-२, जे-३ या व्यावसायिक लीग, मग जेएफएल ही राष्ट्रीय लीग, मग विभागीय लीगच्या पायऱ्या, आणि त्याखाली प्रांतांच्या लीग. हायाबुसा इलेव्हन तेव्हा कानागावाच्या प्रांतिक लीगच्या दुसऱ्या गटात होता, म्हणजे जे-१ धरून मोजलं तर आठव्या पायरीवर. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी सरावाला येणारी हौशी मंडळी खेळतात ती ही पातळी. तेहतीस वर्षांची नागासातो तिथे तिच्या गावी, तिच्या भावाच्या संघात खेळायला गेली होती. तिने काही जे-१ मधल्या योकोहामा एफ. मारिनोसकडे जागा मागितली नव्हती. आठव्या पायरीवरचा पुरुष पहिल्या पायरीवरच्या पुरुषाच्या जवळपासही नसतो. तरी त्याला कुणी विचारत नाही की बाबा, तू पुरुषांच्या फुटबॉलला लायक आहेस का? पायरी ठरवते ती कुवत. मग तिच्याच बाबतीत पायरी सोडून अचानक लिंग मोजायला का घ्यायचं?

'हे सगळं प्रसिद्धीसाठी', असंही बोललं गेलं. तिने स्वतः कारण सांगितलं होतं: लहानपणापासून मुलांबरोबर खेळायची इच्छा, आणि अमेरिकेची फुटबॉलपटू मेगन रपिनो समाजातल्या प्रश्नांवर ज्या धीटपणे बोलते त्यातून मिळालेली उमेद. तिला लक्ष वेधायचं होतंच, आणि ती ते लपवतही नव्हती. लक्ष वेधणं हा गुन्हा कधीपासून झाला?

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र गंभीर आहे. ऐंशी किलोचा बचावपटू पंचावन्न किलोच्या फॉरवर्डवर आदळला तर इजा होऊ शकते. पण असा धोका आपण दुसऱ्यांच्या बाबतीत कसा हाताळतो ते आठवून पाहा. नोव्हेंबर १९८९ मध्ये सचिन तेंडुलकर सोळा वर्षांचा होता, मिशीही फुटली नव्हती, आणि समोर इम्रान, अक्रम, वकार. सियालकोटला वकारचा चेंडू नाकावर बसला, रक्ताने शर्ट माखला. त्या दिवशी कुणी म्हटलं का की सोळा वर्षांच्या मुलांना कसोटी क्रिकेट बंद करा? आपण त्या रक्ताला धैर्याची खूण मानलं आणि आजही ती गोष्ट मुलांना सांगतो. लहान मुलगा मोठ्यांत गेला तर पराक्रम, आणि जर्मन बचावपटूंशी कित्येक वर्षं टकरा घेतलेली जाणती बाई मोठ्यांत गेली तर धोका? जोखीम तिची आहे, ती तिने पारखून घेतली आहे. निवड प्रशिक्षकाची आहे, त्यानेही पारखून घेतली आहे.

'मग उद्या पुरुषांनाही बायकांच्या लीगमध्ये घ्या', हा टोमणा इथे हमखास येतो. त्याचं उत्तर आपल्या आखाड्यात आहे. हलक्या वजनाच्या पैलवानाने भारी पैलवानाला आव्हान दिलं तर लोक टाळ्या वाजवतात. भारी पैलवान हलक्या गटात घुसू पाहील तर त्याला वजनकाट्यावरूनच परत पाठवतात. यात कुणाला अन्याय दिसत नाही, कारण राखीव गट कशासाठी असतो हे सगळ्यांना उमगलेलं असतं. ज्याला आधार हवा त्याच्यासाठी ती भिंत असते. ती बाहेरच्याला आत येऊ देत नाही, पण आतल्याला डांबून ठेवायला ती बांधलेली नसते. चौदा वर्षांखालचा मुलगा सोळाखालच्यांत चालतो, उलटं चालत नाही. हाच नियम बायकांना लावला की लोकांना तो अचानक कळेनासा होतो.

का कळेनासा होतो, याचं उत्तर इतिहासात आहे. १९२० च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, केर लेडीज या कारखान्यातल्या मुलींच्या संघाचा सामना पाहायला ५३ हजार लोक आले होते. एक वर्षही उलटलं नव्हतं, तर ५ डिसेंबर १९२१ ला इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांची मैदानं बायकांना बंद केली. हा खेळ स्त्रियांना योग्य नाही, असं कारण दिलं. ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. पश्चिम जर्मनीने १९५५ मध्ये तेच केलं आणि १९७० पर्यंत चालवलं. नागासातो ज्या देशात पुढे सर्वाधिक गोल करणार होती, तो हा देश. शरीराच्या काळजीची भाषा तेव्हाही होती, आणि तेव्हा तर पुरुषांविरुद्ध खेळण्याचा प्रश्नही नव्हता. बायका बायकांशी खेळत होत्या तरी चाललं नाही. म्हणून २०२० मध्ये तीच काळजी नव्याने ऐकू येते तेव्हा मी कान टवकारतो. २००४ मध्ये मेक्सिकोची स्ट्रायकर मारिबेल डोमिंगेझ हिला सेलाया या दुसऱ्या श्रेणीतल्या पुरुषांच्या क्लबाने घ्यायचं ठरवलं. क्लब तयार, खेळाडू तयार. फिफाने नकार दिला: पुरुष आणि स्त्रियांचं फुटबॉल वेगळंच राहिलं पाहिजे. ती त्या पातळीवर टिकली असती की नसती, हे कळायला एक मोसम पुरला असता. न टिकती तर प्रशिक्षकाने तिला बाकड्यावर बसवलं असतं, जसं दर आठवड्याला हजारो पुरुषांना बसवतात. बाकड्यावर बसवलं जाण्याचा हक्कसुद्धा तिला मिळाला नाही.

आणि बाई जिंकते तेव्हा काय होतं? बार्सिलोना ऑलिम्पिक, १९९२. उडत्या चकत्यांवरची स्कीट नेमबाजी तेव्हा स्त्री-पुरुष एकत्र होती आणि सुवर्ण चीनच्या झांग शानने जिंकलं. पुढच्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये स्कीट फक्त पुरुषांसाठी उरली होती. महिलांसाठी वेगळी स्कीट यायला २००० चं सिडनी उजाडलं. म्हणजे ऑलिम्पिक विजेतीला तिचं विजेतेपद राखायला मैदानच ठेवलं नाही. नेमबाजीत कुणी कुणाच्या अंगावर धावून जात नाही. तिथे तर ताकदीचं कारणही पुढे करता येत नाही.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर मुंबईकडे या. १९७६ मध्ये रोहिणी खाडिलकर, वय जेमतेम तेरा, राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत पुरुषांमध्ये खेळायला उतरली. गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, जागतिक बुद्धिबळ महासंघापर्यंत पोहोचलं, आणि अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावं लागलं की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही. पटावर चौसष्ट घरं आणि दोन्हीकडे सोळा मोहरी. तिथेही एका तेरा वर्षांच्या मराठी मुलीला अडवायला माणसं पुढे आली होती! ताकदीचा मुद्दा जिथे लागू नाही तिथेही दार बंद होतं, हे एकदा पाहिलं की ताकदीच्या मुद्द्यामागे आणखी काहीतरी आहे हे मान्य करावं लागतं.

सर्वांत आदराने ज्या आक्षेपाकडे पाहावं असं मला वाटतं, तो महिला फुटबॉलवर जीव असणाऱ्यांचा आहे. ते म्हणतात, विश्वविजेतीने पुरुषांच्या आठव्या पायरीवर जाणं म्हणजे ती आठवी पायरीसुद्धा आपल्या लीगपेक्षा मोठी असं कबूल करणं. लोक आता म्हणतील, बायकांतली सर्वोत्तम ती पुरुषांत हौशी. आणि महिला फुटबॉलला गरज आहे ती पगारांची, मैदानांची, प्रेक्षकांची. यातलं दुखणं खरं आहे. २०१२ मध्ये जगज्जेता महिला संघ ऑलिम्पिकसाठी युरोपला निघाला तो इकॉनॉमीत बसून, आणि त्याच विमानात जपानचा पुरुषांचा २३ वर्षांखालचा संघ बिझनेस क्लासमध्ये होता. त्या संघातल्या होमारे सावाने तेव्हाच बोलून दाखवलं की खरं तर उलटं व्हायला हवं होतं. २०११ च्या उपांत्यपूर्व फेरीत यजमान जर्मनीला घरी पाठवणारा गोल करणारी कारिना मारुयामा एके काळी फुकुशिमाच्या अणुवीज केंद्राच्या कंपनीत नोकरी करून त्याच कंपनीच्या संघात खेळत असे. पूर्ण व्यावसायिक महिला लीग जपानमध्ये सुरू व्हायला २०२१ चा सप्टेंबर यावा लागला, म्हणजे विश्वचषकानंतर दहा वर्षं. हा राग मला समजतो, तो माझाही आहे.

तरीही मला वाटतं, त्यांनी चुकीच्या माणसाला धरलं आहे. नागासातो महिला फुटबॉल सोडून गेली नव्हती. शिकागोहून लोनवर, म्हणजे तात्पुरत्या करारावर, गेली होती, तेही ज्या वर्षी साथीमुळे अमेरिकेतल्या लीगचा नेहमीचा मोसमच रद्द झाला होता. पुढच्या वर्षी ती रेसिंग लुईव्हिलकडून पुन्हा महिला लीगमध्ये उतरली. आणि दोन्ही दारं उघडी ठेवल्याने बायकांचा खेळ आटतो, असं म्हणायला पुरावा काय? बुद्धिबळाने काही दशकांपूर्वी खुला गट खरोखर खुला केला. हंगेरीची युदित पोल्गार त्यातूनच जगातल्या पहिल्या दहांत पोहोचली आणि २००२ मध्ये कास्पारोव्हला हरवून गेली. महिलांच्या स्पर्धा त्याने बंद पडल्या का? २०२५ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख बातुमीला महिला विश्वचषक जिंकली, समोर फायनलला कोनेरू हंपी. आख्खा महाराष्ट्र ते डाव बघत होता. हीच दिव्या खुल्या स्पर्धांतही पुरुषांसमोर बसते. एका दारातून गेल्याने दुसऱ्या दाराची शान कमी झाली असं एकाही नागपूरकराला वाटलेलं मी ऐकलेलं नाही. बुद्धिबळ आणि फुटबॉल एक नाहीत हे उघड आहे. फुटबॉलमध्ये खुल्या गटात वर पोहोचणाऱ्या बायका फार थोड्या असतील, कदाचित खालच्या पायऱ्यांवरच असतील. असू देत. थोड्या आहेत म्हणून त्यांना बंदी, हा कुठला न्याय?

खरा फटका नागासातोला बसत नाही, तो बसतो तेरा वर्षांच्या मुलींना. जपानमध्ये ही अडचण जुनी आहे: प्राथमिक शाळेत मुली मुलांच्या संघात खेळतात, मग माध्यमिक शाळेत जातात आणि तिथे मुलींचा संघच नसतो. आमच्याकडेही काही वेगळं नाही. आमच्या सोसायटीमागच्या मैदानावर एक मुलगी पाचवीपासून मुलांत खेळायची. डावखुरी. चेंडू पायाच्या बाहेरच्या बाजूने थांबवायची आणि त्याच हालचालीत वळायची, की समोरचा पोरगा भलत्याच दिशेला गेलेला असायचा. ती आठवीत गेली तेव्हा शिकवणाऱ्यांनी तिच्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, 'आता ही मोठी झाली, मुलींच्या बॅचला घाला.' मुलींची बॅच नव्हती. ती कमी पडली असं कुणी म्हटलं नाही, कुणी तिची चाचणी घेतली नाही. ५-२ आणि ७-० चा तिच्याशी काय संबंध होता? ती त्या मैदानावरच्या निम्म्या मुलांपेक्षा चांगली होती, आणि ते निम्मे आजही खेळतात.

यावर उपाय कुणी शोधला नाही असंही नाही. नागासातो हायाबुसाला गेली त्याच उन्हाळ्यात नेदरलँड्समध्ये एलेन फोकेमा ही १९ वर्षांची मुलगी फोआरूट या गावच्या क्लबात मुलांबरोबर लहानपणापासून खेळत होती, आणि वय वाढल्यामुळे नियमाने तिला बाहेर पडावं लागणार होतं. क्लबाने विनंती केली, डच फुटबॉल संघटनेने प्रयोग म्हणून तिला पुरुषांच्या पहिल्या संघात खेळू दिलं. आभाळ कोसळलं नाही. पुढच्याच वर्षी संघटनेने हौशी फुटबॉलमध्ये हे दार सगळ्या बायकांना उघडलं. संघात घ्यायचं की नाही हे प्रशिक्षक ठरवेल, यायचं की नाही हे ती ठरवेल.

आमच्या भागातल्या स्थानिक लीगचा नोंदणी अर्ज परवा माझ्या हातात आला. त्यात नाव, जन्मतारीख, रक्तगट असे रकाने मोकळे आहेत, आणि लिंगाच्या रकान्यात 'पुरुष' आधीच छापलेलं आहे. महिलांसाठी वेगळा अर्ज नाही, कारण महिलांची लीग नाही. ती डावखुरी मुलगी आता सोळा वर्षांची आहे आणि एका संघाचा प्रशिक्षक तिला घ्यायला तयार आहे. येत्या शनिवारी तिचे वडील आणि मी तो छापील शब्द पेनाने खोडून अर्ज भरायला जाणार आहोत, आणि नाही म्हणाले तर लेखी कारण मागणार आहोत.